वर्ग त्रिपदीचे अवयव

वर्ग त्रिपदीचे अवयव पाडणे म्हणजे अ क्ष² + ब क्ष + क या रूपातील बैजिक राशी (अ ≠ ०) दोन एकघाती राशींच्या गुणाकाराच्या रूपात मांडणे होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा भाग इयत्ता आठवीत शिकवला जातो. धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी लातूर विभागीय मंडळामार्फत दहावीच्या परीक्षेस बसतात तेव्हा वर्गसमीकरणे सोडवताना त्याची पुन्हा गरज पडते.

ही गुणाकाराची उलट क्रिया आहे. गुणाकाराची वाट ठरलेली असते. येथे मात्र शोधावे लागते, आणि विद्यार्थी अडखळतो तो याच ठिकाणी.

(क्ष + म)(क्ष + न) = क्ष² + (म + न)क्ष + मन. म्हणून क्ष² + ५क्ष − ८४ साठी −८४ गुणाकार आणि ५ बेरीज असणाऱ्या दोन संख्या हव्यात. गुणाकार ऋण असल्याने चिन्हे भिन्न असणार. ८४ च्या ज्या जोडीत ५ चा फरक आहे ती १२ व ७ ची. अवयव (क्ष + १२)(क्ष − ७).

वर्गपदाचा सहगुणक १ नसेल, तर अ आणि क यांचा गुणाकार घेऊन मधले पद फोडतात. ६क्ष² + ७क्ष − २० मध्ये हा गुणाकार −१२० आहे. १५ व −८ यांची बेरीज ७ येते.

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

दुसऱ्या गटातून −४ बाहेर काढताना कंसातील चिन्ह बदलते, हे विसरल्याने बरीच उत्तरे चुकतात. गुणाकार अक चाच का घ्यायचा, हे क्वचितच सांगितले जाते. (पक्ष + फ)(रक्ष + स) यात मधल्या पदाचे दोन भाग पस आणि फर; त्यांचा गुणाकार पस × फर = पर × फस, म्हणजेच अक.

एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने अधिक व क्षेत्रफळ ८४ चौ.मी. असल्यास क्ष(क्ष + ५) = ८४. येथे प्रत्येक अवयव ८४ बरोबर मांडणे चूक. दोहोंचा गुणाकार शून्य असेल तरच त्यांपैकी एक शून्य असतो. म्हणून आधी ८४ डावीकडे आणावे लागतात. रुंदी ७ मीटर मिळते. −१२ ही उकल लांबीरुंदीस लागू नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (सुमारे ११५०) वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीतीस ‘मध्यमाहरण’ म्हटले असून तिचा नियम श्रीधराचार्यांचा म्हणून दिला आहे. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणून ब² मिळवले की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असा पूर्ण वर्ग तयार होतो. चाळीसगावजवळील पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

ब² − ४अक ला विवेचक म्हणतात. सहगुणक पूर्णांक असून विवेचक पूर्ण वर्ग असेल, तरच परिमेय सहगुणकांचे अवयव पडतात. वरील दुसऱ्या उदाहरणात तो ५२९, म्हणजे २३ चा वर्ग आहे. क्ष² + ५क्ष + ३ मध्ये तो १३ असल्याने जोड्या शोधत बसणे व्यर्थ ठरते.