गेन एक, मिक्सर दोन

आज माझीच चूक सांगतो. ऑर्केस्ट्राचा शो. स्टेजबॉक्स एकच, त्याला दोन डिजिटल मिक्सर: प्रेक्षकांसाठी माझा, दुसरा मॉनिटरचा. गाणं चालू असताना मी गायिकेच्या माइकचा गेन ६ डीबी वाढवला. तिने झटक्यात कानातला इयरफोन काढला! प्रीअँप दोघांत एकच, म्हणून वाढ तिच्याही कानात गेली.

मग करायचं काय? साउंडचेकनंतर गेनला हात नाही. आपापल्या मिक्सरवर डिजिटल ट्रिम वापरा. पण प्रीअँपच क्लिप होत असेल तर ट्रिम वाचवत नाही, म्हणून सुरुवातीलाच हेडरूम ठेवा.

बजेट असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला ॲनालॉग स्प्लिटर घ्या, दोघांचे प्रीअँप वेगळे. फँटम पॉवर मात्र डायरेक्ट आउटपुटच्या बाजूनेच द्या. ट्रान्सफॉर्मरमधून ती माइकपर्यंत पोचत नाही.

कान सांभाळा, भेटू पुढच्या भागात!