हाँगकाँगचा भाजीबाजार

बाजार म्हटला कीं शेतकऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न मापाचा येतो आणि दुसरा दलालीचा. गेल्या वर्षीं चिरंजीवांकडे हाँगकाँगास जाण्याचा योग आला, तेव्हां हेच दोन प्रश्न मनांत धरून आम्ही तेथील ग्रॅहम स्ट्रीटच्या बाजारांत चार-पांच दिवस सकाळीं हिंडलों.

हा बाजार शंभराहून अधिक वर्षांचा जुना. पेढ्या व कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या पाठीस, डोंगराच्या उतारावर तो भरतो. चढण अशी कीं जवळच १९९३ सालीं सरकते जिने बसविले आहेत. २००७ पासून भोंवतालच्या वस्तीची पुनर्रचना निघाली आणि कांहीं विक्रेते नव्या इमारतींत गेले, तरी उतारावरचे हिरव्या पत्र्याचे ठेले अजून आहेत. मालावर लाल छत्रीचे दिवे टांगलेले असतात. त्या तांबूस उजेडांत मांस अधिक ताजें दिसतें, हें चतुर वाचकांस सांगावयास नकोच. मासळीच्या टाक्यांचें पाणी सांडून जमीन सदा भिजलेली. म्हणून अशा बाजारास तिकडे ‘ओला बाजार’ म्हणतात.

भाज्यांत चोय सम व गाय लान ह्या मोहरी-कोबीच्या कुळांतील पालेभाज्यांचा मान मोठा. आपल्याकडे पाणथळ जागीं आपोआप वाढणारी नाळीची भाजी तेथें जुड्या बांधून विकतात. कमळाचे कंद चिखलासकट मांडलेले, आणि कोहळा फोडी करून, म्हणजे लहान कुटुंबासही घेतां येतो.

वजन ‘कॅटी’चें. हाँगकाँगची कॅटी सुमारें ६०५ ग्रॅमांची, व तिचे भाग १६. आपला ८० तोळ्यांचा शेरही १६ छटाकांचाच होता. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र तेंच वजन ५०० ग्रॅमांचें असून १९५९ पासून त्याचे भाग १० झाले आहेत. पहिल्या दिवशीं पाटीवरचा भाव किलोचा समजून सारा माल स्वस्त असल्याचें आम्ही घरीं सांगितलें. सूनबाईंनीं हिशेब दुरुस्त केला. जन्मभर सारावसुलीचे आंकडे तपासलेल्या माणसास तें लागलें!

पूर्वीं वजन लाकडी दांडीच्या काट्यानें होई. एका टोकास माल टांगावयाचा व दुसऱ्या बाजूस गोळा सरकवावयाचा. दांडीवरील १६ खुणा म्हणजे तारे, अशी समजूत: सप्तर्षींचे ७, दक्षिणेकडील तारकापुंजाचे ६, आणि भाग्य, वैभव व आयुष्य ह्यांचे ३. एक भाग कमी देणाऱ्याचें भाग्य जातें, दोन देणाऱ्याचें वैभव, तीन देणाऱ्याचें आयुष्य. आमच्या वेळचे काटेतपासनीस ह्यापुढें फारच सौम्य म्हणावयाचे.

जिवंत कोंबड्यांचे पिंजरे मात्र आतां थोडे. १९९७ सालीं कोंबड्यांच्या तापानें १८ माणसें आजारी पडलीं, त्यांतील ६ दगावलीं, आणि वर्षाच्या अखेरीस सरकारनें दहा लाखांहून अधिक पक्षी मारविले. २००८ पासून किरकोळ दुकानांत जिवंत पक्षी रात्रीं ठेवूं नये असा नियम झाला. रोग टळला हें खरें. पण पाळणाऱ्याचें अंगण एका आठवड्यांत ओस पडतें म्हणजे काय, हें ज्यानें गोठा रिकामा झालेला पाहिला आहे त्यासच कळेल.

दलालीची हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटली. महायुद्धापूर्वीं तेथील शेतकऱ्याचा भाजीपाला घाऊक अडत्यांच्याच हातीं जाई. १९४६ सालीं भाजीपाला-विक्री संस्था निघाली. शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांनीं माल आणावा, संस्थेनें तो घाऊक विकून शेंकडा १० कापून घ्यावे, व शिल्लक शेतीच्या सुधारणेस आणि कर्जास लावावी, अशी ही योजना. १० हा आंकडा कांहीं थोडा नव्हे. परंतु कापलेला पैसा कोठें जातो हें शेतकऱ्यास ठाऊक असतें.

आज तेथें खपणाऱ्या ताज्या भाजीपैकीं स्थानिक माल शेंकडा दोहोंच्या आसपासच. बाकी बहुतेक मुख्य भूमीवरून येते. एका ठेल्यावर ‘येथील भाजी’ अशी वेगळी पाटी होती व तिच्यावर भाव चढा होता. आम्ही नऊ वाजतां पोंचलों, तेव्हां त्या टोपलींत दोनच जुड्या उरल्या होत्या.