गधैया नाणे ओळखायचे कसे?

गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्र या भागांत जमिनीतून निघालेल्या जुन्या नाण्यांत एक ओबडधोबड नाणे पुष्कळदा आढळते. त्याचा व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन सुमारे ४ ग्रॅम आणि रंग काळपट असतो. एका बाजूला फुगीर रेघा व ठिपके, तर दुसऱ्या बाजूला शिडीसारखी आकृती दिसते. बहुतेक नाण्यांवर राजाचे नाव नसते, सनही नसतो. लोक याला 'गधैया पैसा' म्हणतात. अशा मुक्या नाण्याचा काळ आणि मुलूख कसा ठरवायचा, ते आपण पाहू.

चित्राची वंशावळ

एकटे गधैया नाणे कितीही वेळ न्याहाळले तरी त्यातून अर्थ लागत नाही. अशी अनेक नाणी ओळीने मांडली, की मात्र रेघा बोलू लागतात. ओळीच्या सुरुवातीला इराणच्या सासानी राजांचा चांदीचा द्रम्म येतो. त्याच्या एका बाजूला मुकुटधारी राजाचा चेहरा असतो, तर दुसऱ्या बाजूला अग्निवेदी व तिच्या दोन्ही अंगांना उभे सेवक असतात. सासानी राजा पेरोझ इ.स. ४८४ मध्ये हूणांशी लढताना मारला गेला. त्याची नाणी हूणांच्या हाती मोठ्या प्रमाणात गेली. त्यांनी तशीच नाणी पाडली आणि ती पद्धत भारतात आली.

पुढच्या कारागिरांसमोर मूळ नाणे नव्हते, होती फक्त आधीची नक्कल. नकलेची नक्कल होत गेली. नाकाची रेघ झाली, डोळ्याचा ठिपका झाला, वेदीची शिडी झाली आणि सेवकांचे उभे दांडे झाले. हा प्रयोग वर्गातही करता येईल. पहिल्या मुलाला एखादा चेहरा पाहून काढायला सांगावा, दुसऱ्याने फक्त पहिल्याचे चित्र पाहून काढावे, आणि असेच पुढे. विसाव्या चित्रात काय उरते ते पाहावे.

मात्र नाणे जितके ओबडधोबड तितके ते उशिराचे, असा सरळ नियम करता येत नाही. दोन प्रदेशांत ही घसरण वेगवेगळ्या गतीने होऊ शकते. म्हणून चित्राला दुसऱ्या पुराव्याची जोड हवी.

वजन आणि धातू

सासानी द्रम्म पातळ व रुंद असे, व्यास साधारण २७ मि.मी. आणि वजन सुमारे ४ ग्रॅम. गधैया नाण्याचा व्यास निम्म्यावर आला, तरी वजन जवळपास तेवढेच राहिले. २७ मि.मी.च्या चकतीचे क्षेत्रफळ १५ मि.मी.च्या चकतीच्या सुमारे सव्वातीन पट असते. म्हणजे तेवढ्याच पटीने नाणे जाड झाले. चेहरा हरवला, पण तोल सांभाळला गेला. व्यवहारात कशाला महत्त्व होते, ते यावरून कळते.

चांदीचे प्रमाण मात्र घटत गेले. ते मोजायला आर्किमिडीजचे तत्त्व पुरते. समजा, नाण्याचे वजन हवेत ४.०० ग्रॅम आणि पाण्यात ३.५८ ग्रॅम भरले. घट ०.४२ ग्रॅम, म्हणून विशिष्ट गुरुत्व ४.०० ÷ ०.४२ = ९.५२. शुद्ध चांदीचे सुमारे १०.५ आणि तांब्याचे ८.९६. यावरून गणित केल्यास चांदी सुमारे ४० टक्के येते. आता घट ०.४२ ऐवजी ०.४१ धरून पाहा. उत्तर एकदम ५६ टक्क्यांवर जाते! एवढ्या लहान नाण्याला मिलिग्रॅमपर्यंत अचूक तराजू लागतो, आणि एका नाण्यापेक्षा अनेक नाण्यांची सरासरी अधिक भरवशाची असते. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीही नाण्याला इजा न करता धातू तपासतात. पण हे किरण फक्त पृष्ठभाग वाचतात. पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरचे तांबे झिजून गेलेले असते, त्यामुळे तिथे चांदी आतल्यापेक्षा जास्त दिसते.

काळाच्या खुंट्या

या लांब ओळीत क्वचित एखादे अक्षर असलेले नाणे सापडते. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराजाचे नाव असलेली गधैया पद्धतीची नाणी मिळाली आहेत. त्याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ.स. १०२६ चा आहे. त्यामुळे ही नाणी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातली ठरतात, आणि त्यांच्याबरोबर एकाच मडक्यात निघालेल्या निनावी नाण्यांचाही अंदाज बांधता येतो.

याच घराण्याच्या कारकिर्दीत अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. तिथल्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आणि छित्तराजाचा भाऊ मुम्मुणी याचे नाव आहे. इतके कोरीव शिल्प घडवणाऱ्या मुलखात कलाकारांची वाण नव्हती. नाणे ओबडधोबड राहिले, कारण बाजाराला ओळखीचा ठसा आणि पुरते वजन हवे होते. ओबडधोबड नाणे म्हणजे मागासलेला काळ, हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरतो.

जे प्रयोगशाळेत मिळत नाही

चित्र, वजन आणि धातू या गोष्टी नाण्यातच असतात. त्या आज तपासता येतात, पन्नास वर्षांनीही येतील. पण नाणे कोणत्या शेतात, कशाबरोबर, किती संख्येने सापडले, ही माहिती नाण्यात नसते. साठा वाटला गेला, की ती कायमची जाते. एखादा साठा सोनाराच्या मुशीत गेला, तर थोडी हिणकस चांदी हाती येते आणि काळाची एक खुंटी नाहीशी होते.

म्हणून गावात असे नाणे दिसल्यास ते चिंचेने किंवा आम्लाने घासू देऊ नये. जागा, खोली, भांडे आणि नाण्यांची संख्या लगेच लिहून ठेवावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. एवढे झाले, की पुढचे काम अभ्यासकांचे. बहुतेक वेळा त्यांना राजाचे नाव सांगता येणार नाही, प्रदेश आणि शतक सांगता येईल. निनावी नाण्याच्या बाबतीत ही ओळखही थोडी नव्हे.