देहाची वर्दी ओळखताना

स्वमग्न नातू दिवसभर पाणी मागत नाही, पोट भरले तरी जेवत राहतो, किंवा अकस्मात स्वतःच्याच हाताला चावे घेतो. घरातील वडीलधाऱ्यांना तो हट्ट वाटतो. पुष्कळदा मात्र शरीराने दिलेली वर्दीच त्याला उमगलेली नसते.

भूक, तहान, लघवीची भावना, छातीतील धडधड, पोटातील कळ या आतल्या खुणा जाणवणे व त्यांचा अर्थ लागणे, यास अंतःसंवेदन म्हणतात. मेंदूतील इन्सुला हा भाग त्यात महत्त्वाचे काम करतो. अनेक स्वमग्न व्यक्तींना या खुणा फार पुसट जाणवतात, काहींना असह्य तीव्र, तर काहींना त्यांचा अर्थ लावता येत नाही.

सजगतेच्या सरावाने ही ओळख हळूहळू वाढू शकते. मात्र ‘डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे’ या सूचनेने काही जण अधिकच बेचैन होतात. म्हणून डोळे उघडे ठेवून, हातापायांपासून आरंभ करावा. रोज ठरलेल्या वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. हात आधी कोमट, मग गार पाण्यात बुडवावेत. मूठ घट्ट आवळून सैल सोडावी. जिना चढल्यावर तळहात छातीवर ठेवावा. ‘काय जाणवते?’ असे विचारून गरम, गार, घट्ट, सैल असे शब्द सुचवावेत. बोलता न येणाऱ्यास चित्रे दाखवावीत. उत्तर चूक ठरवू नये. आपणही सोबत करावे आणि त्याने नको म्हटले की थांबावे. पुढे खूण आणि कृती यांची सांगड घालावी: ओठ सुकले, आता पाणी प्यायचे.

हा स्वमग्नतेवरील उपचार नव्हे, आणि ही ओळख पक्की होईपर्यंत पाणी, जेवण व शौचाच्या वेळा आपणच सांभाळायच्या आहेत. वागण्यात अचानक बदल झाला, झोप वा जेवण बिघडले, तर दात, कान, बद्धकोष्ठता व लघवीचा जंतुसंसर्ग यांची तपासणी डॉक्टरांकडून अवश्य करून घ्यावी. वेदना सांगता येत नाही, याचा अर्थ ती नाही असा होत नाही.

आज त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला सारे कळते. उद्या सांभाळणारे हात दुसऱ्या कोणाचे असतील. तेव्हा पोटावर बोट ठेवून ‘इथे दुखते’ एवढे त्याला दाखवता आले, तरी फार मोठे संकट टळू शकेल.