ससाणा, खुंट आणि मनगटावरचा पैसा



आज जरा वेगळा विषय घेतलाय. दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच. तो पावलं मोजतो, नाडीचे ठोके मोजतो, झोप मोजतो, आणि आता त्यानं पैसेही देता येतात म्हणे. मनगट मशीनजवळ नेलं की काम झालं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण पैसे देणं ही गोष्ट तत्त्वज्ञानापासून लांब नाही. त्यात विश्वास आहे, संमती आहे, जबाबदारी आहे. आणि आपण पेठला बसलोय. 'पेठ' शब्दाचा अर्थच बाजार. इथं हा विषय नाही काढायचा तर कुठं काढायचा?

प्रश्न एकच घेऊ. पैसे देण्याची सोय घड्याळात असते का?

जाहिरात म्हणते, असते. खोक्यावरची यादी वाचा. हृदयगती, झोप, व्यायामाचे शंभर प्रकार, पाण्यात चालतं आणि त्याच ओळीत 'टॅप अँड पे'. जणू हे सगळे एकाच जातीचे गुण. पण जरा थांबून बघा. पावलं मोजायचं काम घड्याळ एकटं करतं. तुम्ही सावळघाटात एकटे चालत असलात, आसपास चिटपाखरू नसलं, तरी ते मोजतं. पैसे देण्याचं काम मात्र एकट्यानं होत नाही. समोर घेणारा लागतो.

आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनानं या भेदाचा फार बारकाईनं विचार केलाय. प्रशस्तपादानं चोवीस गुण मोजले आहेत. रंग, रस, गंध हे एकेका वस्तूत राहतात. आंब्याचा पिवळा रंग आंब्यात असतो. पण त्याच यादीत 'संयोग' नावाचा एक गुण आहे, आणि तो एका वस्तूत राहूच शकत नाही. तो दोन वस्तूंत मिळून राहतो. एक काढून घेतली की दुसरीत अर्धा संयोग शिल्लक राहत नाही, सगळाच जातो.

पुढं तो संयोगाचे प्रकार सांगतो. कधी दोघंही हलतात, जसे एकमेकांना भिडणारे दोन मल्ल. कधी एकच हलतो, दुसरा जागच्या जागी असतो. त्याचं उदाहरण म्हणजे खुंटावर येऊन बसणारा ससाणा. उडाला ससाणा, खुंट काही उडाला नाही. पण खुंट नसता तर ससाणा बसला असता कुठं?

मनगटावरचं पेमेंट हे असं आहे. आपण ससाण्याची किंमत मोजतो आणि खुंटाची चौकशी करत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की चौकशी खुंटाची करायची. ती कशी करायची, ते तीन प्रश्नांत सांगतो. पण आधी यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ, म्हणजे प्रश्न हवेत राहणार नाहीत.

या तंत्राला एनएफसी म्हणतात, निअर फील्ड कम्युनिकेशन. दुकानातलं कार्डाचं मशीन आपल्याभोवती एक छोटं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. ते १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेनं बदलत असतं. घड्याळातल्या किंवा कार्डातल्या चिपला तारेचं एक वेटोळं जोडलेलं असतं. ते या क्षेत्रात आलं की त्यात वीज निर्माण होते, आणि तेवढ्या विजेवर चिप बोलायला लागते. म्हणून तर बँकेच्या कार्डात बॅटरी नसते. अंतर किती? जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. गर्दीत कोणी लांबून पैसे ओढून घेईल ही भीती त्यामुळं फारशी खरी नाही. गंमत अशी की इथं ससाण्याला बसायलाच नाही, तर बोलायलाही बळ देतो तो खुंटच.

मग चिप सांगते काय? तुमचा कार्ड नंबर? नाही. ती टोकन सांगते. टोकन म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला दुसरा नंबर, जो फक्त त्याच घड्याळातून चालतो. शिवाय दर व्यवहाराला एक नवी सांकेतिक खूण तयार होते, ती पुन्हा वापरता येत नाही. जुन्या लोकांना शहाजोग हुंडी आठवत असेल. ती बाजारात पत असलेल्या शहालाच वटवून मिळायची. चोरानं हुंडी पळवली तरी त्याच्या हातात नुसता कागद. टोकनची कल्पना त्याच वळणाची आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये मोबाइल आणि टॅबलेटसाठी अशा टोकनांना परवानगी दिली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी ती घड्याळं आणि मनगटी पट्ट्यांपर्यंत वाढवली.

भारतात हे आलं कसं? २०१९ मध्ये शाओमीचा एमआय बँड ४ आला. चीनमध्ये त्याची एनएफसी असलेली आवृत्ती मिळत होती. आपल्याकडं विकायला आला तो एनएफसीशिवाय. नाव तेच, बँड तोच, पण एक अंग कमी. सप्टेंबर २०२० मध्ये टायटननं स्टेट बँकेबरोबर 'टायटन पे' घड्याळं काढली. ती फिटनेसची नव्हती, साधी काट्यांची होती, चिप पट्ट्यात बसवलेली. पुढं २०२४ मध्ये बोट कंपनीनं मास्टरकार्डबरोबर, आणि नॉइजनं एअरटेल पेमेंट्स बँकेबरोबर, स्वस्त स्मार्टवॉचमध्ये ही सोय आणली. या प्रत्येक ठिकाणी घड्याळाच्या कंपनीशेजारी एक बँक किंवा कार्डाची कंपनी उभी आहे. घड्याळवाला एकटा ही सोय देऊच शकत नाही. संयोग आहे ना तो!

आता तीन प्रश्न.

पहिला. माझ्या बाजारात खुंट आहे का?

बाजाराच्या दिवशी चक्कर मारा. नागली, वरई, खुरासणी घेऊन बसलेली माणसं, चहाची टपरी, चपलांचं दुकान. जिथं रोख नाही, तिथं आपण काय विचारतो? "स्कॅनर आहे का?" म्हणजे क्यूआर कोडचा छापील कागद. कार्डाचं मशीन विचारत नाही. असं का, याला कारणं आहेत. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं. छापील कागदाला खर्च काय? जवळपास काही नाही. मशीनला मात्र भाडं असतं, चार्जिंग असतं, कागदाचं रीळ असतं, आणि बाकीच्या कार्डांवर शुल्क असतं. वीस रुपयांच्या चहासाठी ते कोण ठेवील? लहान गावांत पैसे घेण्याची साधनं पोचावीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२१ पासून एक निधीही चालवला. त्यात मशीन आणि क्यूआर दोन्ही होते. पण टपरीवाल्याला परवडला तो कागदच.

म्हणजे तुमचं टॅपचं घड्याळ नाशिकच्या मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, मोठ्या मेडिकलमध्ये चालेल. इथल्या टपरीवर ते फक्त वेळ सांगेल. यात घड्याळ बिघडलेलं नाही आणि टपरीवाला मागासलेला नाही. त्यानं आपला हिशेब बरोबर केलाय.

याच प्रश्नाचा एक पोटप्रश्न आहे. पाऊस लागला आणि नेटवर्क गेलं तर? विकणारा सांगतो, टॅप करताना घड्याळाला इंटरनेट लागत नाही. ते खरं आहे. पण समोरच्या मशीनला बहुतेक वेळा लागतं, कारण त्याला बँकेकडून होकार आणायचा असतो. ससाण्याला रस्ता लागत नाही, खुंटाला लागतो. याला अपवाद आहे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचा. ४ मार्च २०१९ रोजी ते सुरू झालं. त्यात थोडी रक्कम चिपमध्येच साठवतात, म्हणून बसमध्ये किंवा मेट्रोच्या दारात नेटवर्कशिवाय पैसे कापता येतात. काही घड्याळांत आता हीच सोय येते आहे. पण इथंही खुंट लागतोच. ज्या बसमध्ये ते वाचणारं यंत्र आहे, तिथंच ते चालणार.

दुसरा प्रश्न. आकडा कोण लिहितो?

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. छापील स्कॅनरवर पैसे देताना रक्कम तुम्ही टाकता. ऐंशी रुपये. मग दुकानदाराचं नाव दिसतं, मग पिन टाकता. तीन ठिकाणी तुमचं मन जागं असतं. टॅपमध्ये रक्कम समोरचा टाकतो, त्याच्या मशीनवर. तुम्ही फक्त मनगट पुढं करता. १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता असं देता येतं. त्याआधी ही मर्यादा दोन हजार होती.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला जाऊन आठवडाभरानं परतलेल्या माणसासाठी पाच हजार म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऐंशीच्या जागी आठशे पडले, चुकून म्हणा किंवा मुद्दाम म्हणा, तर कळेल केव्हा? मेसेज येईल तेव्हा. आणि मेसेज वाचता आला तर.

दान करताना आपल्याकडं हातावर पाणी सोडतात. ती नुसती रीत नाही. ही वस्तू आता माझी नाही, हे मी जाणूनबुजून म्हणतोय, याची ती खूण आहे. त्या पाण्याला क्षणभर वेळ लागतो, आणि त्या क्षणात माणूस विचार करतो. टॅपनं तो क्षण काढून टाकला. सोय म्हणतात ती हीच. मी सोयीच्या विरोधात नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रांगेत उभं राहून पिन आठवत बसणं काय असतं, ते माझ्या वयाच्या लोकांना माहीत आहे. पण काढून टाकलेला क्षण आपण परत घालू शकतो. मशीन आपल्याकडं फिरवून घ्यायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, मग मनगट पुढं करायचं. "किती टाकले, दाखवा बरं" एवढं म्हणण्यात लाज कसली?

तिसरा प्रश्न. हरवलं तर कोण जबाबदार?

शेतात, नदीवर, एसटीत पट्टा तुटून बँड पडला. आता इथं घड्याळा-घड्याळात फरक आहे. काहींत मनगटावरून काढलं की कुलूप लागतं, पुन्हा घालताना आकडे टाकावे लागतात. पट्ट्यात नुसती चिप असेल तर असं कुलूप सहसा नसतं. ज्याच्या हाती पट्टा, त्याच्या हाती पैसे. घेण्याआधी दुकानदाराला हेच विचारा, "हातातून काढल्यावर टॅप चालतं का?" चालत असेल तर ते घड्याळ नोटांच्या पाकिटासारखं सांभाळायचं. पाच हजारांची मर्यादा एका व्यवहाराची आहे, हेही विसरू नका. दुसरा टॅप हा दुसरा व्यवहार.

हरवल्यावर पहिला फोन बँकेला करायचा, घड्याळाच्या कंपनीला नंतर. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंतच येतो. तुमच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे सगळा खेळ 'कळवलं कधी' यावर आहे. फसवणूक झाली असेल तर १९३० हा सरकारी क्रमांक लक्षात ठेवा. आणि आणखी एक. जानेवारी २०२० च्या आदेशाप्रमाणे नव्या कार्डावर टॅपची सोय बंदच असते, तुम्ही सुरू केली तर होते. जी सुरू करता येते ती बंदही करता येते, आणि तिची मर्यादा पाच हजारांवरून पाचशेवर आणता येते. बँकेच्या अॅपमध्ये नाही जमलं तर शाखेत जाऊन सांगा.

मग काय, हे घड्याळ घ्यायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. ज्याचं रोजचं जाणं-येणं नाशिक-मुंबईला आहे, मेट्रोनं फिरणं आहे, त्याला उपयोग आहे. इथल्या इथं राहणाऱ्यानं पावलं आणि नाडी मोजायला साधा बँड घ्यावा, वरचे हजार रुपये वाचवावेत. छोट्या रकमा पटकन द्यायच्या असतील तर फोनवर यूपीआय लाइट आहे, हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही, आणि आकडा तुम्हीच लिहिता. साधा बटणांचा फोन असेल तर २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. आणि भाजी विकणाऱ्या बाईसाठी वेगळाच विचार करा. काही स्वस्त घड्याळांच्या पडद्यावर आपला क्यूआर कोड साठवून दाखवता येतो. कागद पावसात भिजतो, मनगट भिजलं तरी चालतं. तिच्यासाठी पैसे देणारं घड्याळ बिनकामाचं आणि घेणारं घड्याळ कामाचं. म्हणजे बघा, तिथं ती स्वतःच खुंट झाली.

प्रशस्तपादानं बाजार डोळ्यांसमोर ठेवून संयोग सांगितला नव्हता. पण त्याचा मुद्दा बाजारात तंतोतंत लागू पडतो. जी गोष्ट दोघांत मिळून राहते, ती एकाच्या दुकानात विकत मिळत नाही. घड्याळ विकत मिळतं. पैसे देता येणं हे घेणारा, बँक, नेटवर्क आणि तुमचा होकार, एवढ्यांच्या मधोमध असतं. पुढच्या वेळी कोणी खोक्यावरची यादी वाचून दाखवली की ऐकून घ्या, आणि शांतपणे विचारा, "खुंट कुठं आहे?"