विजया, सजीव माती आणि आपले उत्तर

मागील वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या एका सायंकाळी इंदापूर तालुक्यातील एक तरुण शेतकरी माझ्या बारामती येथील चिकित्सालयात आला. त्याचे वडील माझे जुने रुग्ण. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेलेली, सोसायटीचे कर्ज थकलेले आणि फळे भरण्यासाठी बांधलेले पत्र्याचे शेड रिकामे पडलेले, ही परिस्थिती मला ठाऊक होती. वडिलांच्या औषधाचे निमित्त करून आला असला तरी त्याच्या मनात दुसराच विषय होता. त्याने मोबाइलवर काही छायाचित्रे दाखविली. कॅनडात स्थायिक झालेल्या त्याच्या मावसभावाने घराच्या तळघरात दिव्यांच्या प्रकाशात वाढविलेली भांगेची चार झाडे त्यात होती.

"डॉक्टर, तिकडे ही झाडं सजीव मातीत वाढवतात. रासायनिक खताचा कणही नाही. आपल्या शेडमध्ये दिवे लावले तर इथंही होईल. आणि ही तर तुमच्याच ग्रंथातली विजया. जातिफलादि चूर्णाला लागतेच की. एक फार्मसीवाले म्हणाले, माल चांगला असेल तर बघू. तुम्ही शब्द टाकाल का?"

'नाही' असे एका शब्दात उत्तर देऊन मी त्याला परत पाठवू शकलो असतो. परंतु त्याने आपल्या शास्त्राचे नाव घेतले होते, आणि आपल्यापैकीच कोणीतरी 'बघू' म्हणून त्याला आशा लावली होती. अशा वेळी कारणांसह उत्तर देणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. त्याला जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपणांपैकी अनेकांसमोर येईल.

तेथे नेमके काय करतात?

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी भांग कायदेशीर झाली असून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडे लावता येतात. जर्मनीतही १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडांची मुभा मिळाली. तेथील थंडीमुळे आणि वनस्पतीच्या स्वभावामुळे ही लागवड बहुधा घरातच होते. भांग ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. रोज सुमारे १८ तास प्रकाश दिला तर ती केवळ वाढत राहते. प्रकाश १२ तासांवर आणला की फुलोरा धरते. नर व मादी झाडे स्वतंत्र असतात. नर झाडे वेळीच काढून टाकली की मादी फुलांत बी धरत नाही आणि त्यांवरील ग्रंथींत राळ भरपूर साठते. बंद खोलीतील सारा खटाटोप त्या राळेसाठी असतो.

सजीव माती ही यातील खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. ढोबळमानाने एक भाग पीट किंवा नारळाचा भुसा, एक भाग कंपोस्ट वा गांडूळखत आणि एक भाग हवा खेळती ठेवणारा सच्छिद्र दगड, असे मिश्रण करतात. त्यात निंबोळी पेंड, करंज पेंड, समुद्रशैवाल, खेकड्याच्या कवचाची भुकटी आणि बेसॉल्ट दगडाची पूड मिसळून ते ओलसर ठेवून काही आठवडे मुरू देतात. पुढे झाडाला मुख्यतः पाणीच द्यावयाचे. जिवाणू व बुरशी सेंद्रिय द्रव्य विघटित करतात. त्या जिवाणूंना सूक्ष्म आदिजीव व सूत्रकृमी खातात आणि त्यातून सुटणारे नत्र मुळांना मिळते. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी स्फुरद आणून देते. माती उकरीत नाहीत, वर आच्छादन ठेवतात आणि एका पिकानंतर तीच माती पुन्हा वापरतात.

हे वाचून आपल्याकडील वाचकाला स्मित येईल. निंब आणि करंज आपले, आणि ज्या बेसॉल्टची पूड ते पिशव्यांतून विकत घेतात तो आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण. त्याची भुकटी आपल्या खडी क्रशरभोवती ढिगांनी पडलेली असते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे जीवामृत श्री. सुभाष पाळेकर यांच्या प्रचारामुळे घरोघरी पोहोचले आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजलाचा विधी आहेच. तात्पर्य, मातीला सजीव मानणे आपल्याला नवे नाही; तिचे मोजमाप व नोंद ठेवणे मात्र आपण त्यांच्याकडून शिकावे.

शास्त्राची बाजू

भावप्रकाशाने हरीतक्यादि वर्गात भंगेचे वर्णन केले आहे. ती तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचक व पित्तकर असून मोह आणि मद वाढविते. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून तिचाच उल्लेख केला आहे, कारण पचन होण्यापूर्वीच ती देहभर पसरते. त्याच ग्रंथातील जातिफलादि चूर्ण ग्रहणीत आपण आजही वापरतो. विजया हे नाव हरीतकीलाही आहे, हे येथे स्मरणात ठेवावे. मागणीपत्रात केवळ 'विजया' असे लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महत्त्वाचा मुद्दा अंगाचा, म्हणजे प्रयोज्यांगाचा आहे. आपल्या बहुतेक कल्पांत भांग म्हणजे पान अभिप्रेत आहे, आणि तेही शोधन करून: दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करून, किंवा बाभळीच्या सालीच्या क्वाथात शिजवून, पाण्याने धुऊन, वाळवून आणि मग गोघृतात मंदाग्नीवर परतून. दिव्याखाली वाढविलेल्या झाडाचे उद्दिष्ट पान नव्हे, राळेने भरलेला फुलोरा हे असते. तो फुलोरा म्हणजे गांजा. ज्या वाणांची निवड पिढ्यान् पिढ्या मादक अंश वाढविण्यासाठी झाली आहे, त्यांचे द्रव्य आपल्या ग्रंथोक्त मात्रेत घालणे म्हणजे नाव तेच ठेवून औषध बदलणे होय. म्हणजे त्या तरुणाने कष्टाने जे पिकविले असते, ते आपल्या जातिफलादि चूर्णाच्या कामाचे नव्हतेच.

कायद्याची बाजू

१९८५ च्या एनडीपीएस अधिनियमात गांजाची व्याख्या फुले वा फळे धरलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. या वाक्याचा आधार घेऊन "पानासाठी झाड लावले तर चालते" असा समज पसरला आहे. तो साफ चुकीचा आहे. त्याच अधिनियमाचे आठवे कलम भांगेच्या कोणत्याही झाडाच्या विनापरवाना लागवडीस मनाई करते, आणि विसाव्या कलमानुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. द्रव्य बाळगण्याच्या गुन्ह्यात अल्प आणि व्यापारी प्रमाणाचा भेद आहे. लागवडीच्या या शिक्षेत तसा भेद नाही. उसात किंवा मक्यात लपविलेली झाडे पकडल्याच्या बातम्या आपल्या भागाला अपरिचित नाहीत. शेडच्या पत्र्याआडची झाडे कायद्याच्या दृष्टीने त्याहून वेगळी ठरत नाहीत.

परवानगीचा अधिकार राज्य शासनांकडे आहे. उत्तराखंडाने ०.३ टक्क्यापेक्षा अधिक मादक अंश नसलेल्या तागसदृश वाणांना धागा व बियांसाठी परवाने देण्यास २०१८ मध्ये आरंभ केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांगेला १९६१ च्या कराराच्या अतिकडक चौथ्या सूचीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. या घडामोडी दिशादर्शक आहेत. परंतु त्यांपैकी एकीनेही इंदापूरच्या शेतकऱ्याला झाड लावण्याचा अधिकार दिलेला नाही.

आपल्यावरील बंधनेही येथे आठवावीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई (१) मध्ये भांग (बिया वगळून) विषद्रव्यांत समाविष्ट आहे. अशा द्रव्याचा पोटात घ्यावयाचा कल्प असेल तर वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. अधिकृत परवानाधारकाकडून, पावतीसह आणि साठा-नोंदवहीसह आलेल्या द्रव्याखेरीज दुसरे द्रव्य कारखान्याच्या दारातही येऊ नये. ज्या बंधूंनी सहज 'बघू' म्हटले, त्यांनी स्वतःचा परवाना आणि त्या मुलाचे आयुष्य दोन्ही पणाला लावले होते, आणि बहुधा याची त्यांना जाणीवही नव्हती.

आपली माती, आपले पाणी

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक अडचण उरते, आणि ती औषधी वनस्पती लावणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. सुश्रुताने भूमिप्रविभागीय अध्यायात औषध घेण्याची जमीन वारूळ, स्मशान, वाळू यांनी दूषित नसावी आणि ऊषर नसावी असे सांगितले आहे. ऊषर म्हणजे क्षारयुक्त. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्यात आला आणि भरभराट झाली. परंतु निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाण्यासोबत क्षारही वर आले. नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. आज माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे, तीही पाणी, क्षार आणि उष्णता यांच्याच ताणांच्या अभ्यासासाठी.

या पार्श्वभूमीवर बंद शेडमधील सजीव मातीचा विचार करा. तेथे पाऊस पडत नाही. विहिरीचे वा बोअरचे मचूळ पाणी कुंडीत दिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. उघड्या शेतात पावसाळा जे थोडेफार धुऊन नेतो, ते येथे कोणीच नेत नाही. काही महिन्यांत आपण पैसे खर्चून तयार केलेली माती घरातच ऊषर होते आणि तिच्यातील जीव मरू लागतात. म्हणून पाण्याची क्षारता प्रथम तपासावी, शक्य तर पन्हाळीचे पावसाचे पाणी साठवावे आणि कुंडीला तळाशी निचरा ठेवावा.

दुसरी दक्षता जड धातूंची. भांग मातीतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते, म्हणूनच दूषित जमिनी शुद्ध करण्यासाठी तिचे प्रयोग झाले आहेत. हा गुण ब्राह्मीसारख्या आपल्या नित्याच्या वनस्पतींतही आहे. सजीव मातीत घातलेली मळी, राख किंवा शहरी कचऱ्याचे खत कोठून आले, हे माहीत नसेल तर 'सेंद्रिय' या शब्दाला अर्थ राहत नाही. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा तयार द्रव्याला लागू होतात. परंतु त्या पाळल्या जातात की मोडतात, हे मातीतच ठरते.

मग काय केले?

हे सारे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे शेड रिकामंच ठेवायचं?"

हा प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनी मिळून शेडलगत हिरव्या शेडनेटखाली चार वाफे तयार केले. नारळाचा भुसा, स्वतःच्या गोठ्यातील शेणाचे गांडूळखत, विटांचा चुरा, निंबोळी पेंड, करंज पेंड आणि क्रशरची काळी पूड एकत्र करून पाच आठवडे मुरविली. पत्र्यावरच्या पावसाच्या पाण्यासाठी टाकी बसविली. लावणीपूर्वी माती व पाणी दोन्ही तपासून घेतले. वनस्पती निवडली जलब्राह्मी. ओलावा आणि सावली तिला मानवते, आणि थोडा खारेपणाही ती सोसते. माझी स्वतःची गरज आणि परिचित दोन फार्मसीमालकांची गरज एकत्र करून लावणीपूर्वीच लेखी भाव ठरविला.

एका वाफ्यात लव्हाळ्याने थैमान घातले आणि तो मोडावा लागला. उरलेल्या तीन वाफ्यांची पहिली कापणी दिवाळीनंतर झाली. प्रयोगशाळेच्या अहवालात शिसे व कॅडमियम मर्यादेत आले. या उत्पन्नातून डाळिंबाचे कर्ज फिटणार नाही, हे तोही जाणतो आणि मीही. घरखर्चाला हातभार लागतो, आणि रात्री दारात गाडी थांबली तरी छातीत धडकी भरत नाही, असे त्याचे वडील मागील भेटीत म्हणाले.

सभासद बंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच आहे. विजयेच्या लागवडीविषयी कोणी विचारले तर संदिग्ध उत्तर देऊ नये. कायद्याने मनाई आहे असे स्पष्ट सांगावे, आणि शासनाने पुढे रीतसर धोरण आणले तर संघटनेमार्फत आपले म्हणणे मांडावे. त्याच वेळी आपल्या परिसरातील दोन-तीन शेतकऱ्यांशी ब्राह्मी, शतावरी, अश्वगंधा यांपैकी एखाद्या द्रव्यासाठी लावणीपूर्वी लेखी करार करावा. रोपे व मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागीय केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे आणि शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या दाराशी आहे. वाफ्याचे मिश्रण, माती-पाण्याचे अहवाल आणि कराराचा नमुना माझ्याकडे आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी संघटनेच्या पुढील त्रैमासिक सभेत मागून घ्यावा.