विश्लेषण : ‘वन्स मोअर’ची किंमत बालगंधर्वांनी कशी मोजली?

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवण्यात आली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, वास्तूचे उद्घाटन झाले. पण वर्षभरापूर्वीच, १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले होते. अफाट लोकप्रियता मिळालेल्या या कलावंताची अखेर विपन्नावस्थेत का झाली?

१२ मार्च १९११ रोजी काय घडले?
‘मानापमान’चा पहिला प्रयोग त्या दिवशी मुंबईत होता. त्याच दिवशी नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द झाला नाही. बापाचे दुःख आत ठेवून ते भामिनी म्हणून उभे राहिले. हा प्रसंग कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. शोक करायलाही उसंत नव्हती, ही त्याची दुसरी बाजू.

कर्ज का झाले?
१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. प्रेक्षक म्हणजे ‘मायबाप’, त्यांना उणे काही द्यायचे नाही, हा बालगंधर्वांचा बाणा. भरजरी शालू, खरे दागिने, उंची अत्तरे यांवर पैसा पाण्यासारखा गेला. थिएटर भरत होते, तरी हिशेब जुळत नव्हता. कर्ज फेडायचे तर प्रयोग वाढवायचे, एवढाच मार्ग उरला.

शरीरावर काय परिणाम झाला?
तेव्हाची संगीत नाटके रात्र-रात्र चालत. एकेका पदाला अनेक ‘वन्स मोअर’ मिळत. सारा भार गळ्यावर आणि पायांवर. त्यात स्त्रीभूमिका वयाला बांधलेल्या. बोलपट आल्यावर प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथ साकारले, पण कॅमेऱ्यासमोर मन रमले नाही, ते पुन्हा रंगभूमीवर आले. उत्तरायुष्यात पाय निकामी झाले, तरी गाणे सुटले नाही.

सन्मान मिळाले, मग कमी काय पडले?
१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण सन्मानाने मागचे कर्ज फिटत नाही आणि थकलेले शरीरही सावरत नाही. मालक आणि मुख्य नट एकच असल्याने ‘आता थांबा’ म्हणणारे कोणी नव्हते. त्यांना स्वतःलाही थांबायचे नव्हते. आजही टाळ्या वाजतात तेव्हा कलावंताच्या विश्रांतीचा, औषधपाण्याचा आणि म्हातारपणाचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न उरतोच.